विहिरीचं पाणी कुठवर पुरेल? पातळीच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याची रीत

दिवाळीच्या सुमारास विहिरीत डोकावलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं. पाणी वरपर्यंत आलेलं असतं, मोटार सुरू केली की पाटाला जोर असतो, आणि गव्हाचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी तीच मोटार हवा ओढू लागते तेव्हा गहू नेमका दाण्यात भरत असतो. मग टँकर, उधारीचं पाणी, शेजाऱ्याच्या बोअरवर पाळी लावणं हे सगळं सुरू होतं. यातलं बरंचसं नोव्हेंबर-डिसेंबरातच दिसू शकतं. त्यासाठी पाणी किती आहे यापेक्षा ते कसं उतरतंय हे बघायची सवय लावावी लागते.

सांगलीत कृष्णेला पूर आला की लोक आधी विचारतात, "आयर्विन पुलाला किती फूट?" तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. पण दुसरा प्रश्न लगेच येतो: "तासाला किती चढतंय?" ज्याचं घर नदीकडेला आहे तो सामान हलवायचा निर्णय या दुसऱ्या उत्तरावर घेतो. विहिरीला हाच प्रश्न उलटा विचारायचा, आणि तासाऐवजी आठवड्याच्या हिशेबात.

पुढे सांगितलेली रीत दख्खनच्या काळ्या खडकातल्या, म्हणजे बेसाल्टातल्या खोदीव रुंद विहिरींसाठी आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकाचा असल्यामुळे बहुतेकांना ती लागू पडेल. कोकणात जांभ्यातली विहीर वेगळी वागते: प्रचंड पाऊस पडूनही एप्रिलपर्यंत झपाट्याने रिकामी होते. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातला गाळाचा प्रदेशही वेगळा आहे. तिथे पाणी खूप खोल आहे, आणि एका हंगामाच्या उतारापेक्षा दर मे महिन्याची पातळी सालोसाल कुठे चालली आहे हे जास्त बोलकं असतं.

आधी खडकाबद्दल थोडं

विहीर खोदताना निघालेला माल आठवा, किंवा ज्यांनी खोदली त्यांना विचारा. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला कच्चा खडक किंवा छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. कुठे कुठे मध्ये लाल गेरूसारखा पट्टा लागतो. पाणी मुख्यतः मुरमात, कच्च्या खडकात आणि भेगांत असतं. घट्ट पाषाणात जवळपास काहीच नसतं.

आता एक आकडा लक्षात ठेवा, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. बेसाल्टाच्या या वरच्या भागातून उपसून मिळू शकणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरू. एका एकराखाली, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरखाली, भूजल १० फूट उतरलं तर त्यातून निघालेलं पाणी होतं सुमारे अडीच लाख लिटर. त्याच एकराला पाटाने ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात.

म्हणजे आपल्या एकराखालची पातळी १० फुटांनी पडली तर हाती येते जेमतेम एक पाळी. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. त्यातलं थोडं पाणी पुन्हा जमिनीत मुरतं हे खरं, पण तरीही आपलं एक एकर भिजतं ते आजूबाजूच्या कित्येक एकरांखालून ओघळत आलेल्या पाण्यावर. त्यात शेजाऱ्याचं रान आलं, बांधापलीकडचं पडीक आलं आणि माथ्यावरचं गायरानही आलं.

विहिरीतल्या साठ्याचंही तसंच. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. तीस फूट पाणी भरलेलं दिसलं तरी ते होतं पावणेतीन लाख लिटरच्या आत-बाहेर. एका एकराची एक पाळी आणि वर थोडं. डोळ्यांना समुद्र वाटणारा साठा एवढाच असतो. विहीर ही टाकी नसून खडकातलं पाणी दिसायची खिडकी आहे, असं समजून चाला.

काय लागेल

शंभर फुटी कापडी किंवा फायबरची टेप, तिच्या टोकाला बांधायला पाव-अर्धा किलोचं वजन, एक वही आणि आलेखाचा कागद. स्टीलची टेप असेल तर शेवटच्या दोन-तीन फुटांना खडू घासा, ओल कुठपर्यंत चढली ते स्वच्छ दिसतं. कापडी टेप काही वर्षांनी ताणली जाते, अधूनमधून दुसऱ्या टेपशी पडताळा. भिंतीवर रंगाने फुटांच्या खुणा करून घेतल्या तर उत्तमच, पण शेवाळ आणि पडझड यांमुळे त्या दरवर्षी उजळाव्या लागतात.

जुनी माणसं "दोन परस पाणी आहे" असं सांगतात. त्यांच्या आठवणी मोलाच्या असतात, म्हणून ते ऐकून घ्या. पण परस म्हणजे माणसाएवढी खोली आणि ती गावागणिक थोडी बदलते, म्हणून नोंद फुटांतच करा. सरकारी आकडे मीटरमध्ये येतात. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट.

कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्याने वाकून मोजू नका. वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत उतरायचं तर मुळीच नाही, तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो.

पायरी १ : मोजायची जागा कायमची ठरवा

कठड्यावर एक ठिकाण निवडा आणि तिथे ऑइलपेंटने ठळक खूण करा. पुढची दहा वर्षं तिथूनच मोजायचं. खुणेपासून जमिनीपर्यंतची कठड्याची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक मापातून ती वजा करा. म्हणजे आकडा होईल "जमिनीपासून पाणी किती खाली". विहिरीची एकूण खोली, व्यास आणि मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, फूट व्हॉल्व्ह) किंवा पाणबुडी मोटार किती फुटांवर आहे हेही तिथेच टिपा. फुटबॉल उघडा पडला की विहीर तुमच्या दृष्टीने आटली, तळाला पाच फूट पाणी असलं तरी.

पायरी २ : मोटार निवांत असताना मोजा

नवख्यांच्या वह्या सगळ्यात जास्त इथे बिघडतात. मोटार बंद करून अर्ध्या तासाने घेतलेलं माप आणि रात्रभर विहीर भरल्यावरचं माप यांत सहज पाच-सात फुटांचा फरक असतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले तर आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

नियम असा ठेवा: किमान आठ-दहा तास उपसा नसेल तेव्हाच माप. सकाळची वेळ चांगली, पण थ्री-फेज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात पहाटेपर्यंत मोटार चाललेली असते. तेव्हा माप संध्याकाळी, वीज यायच्या आधी घ्या. वार ठरवून टाका, बाजाराचा वार लक्षात राहायला सोपा. आठवड्यातून एकदा पुरे. रोज मोजणारे दोन महिन्यांत कंटाळतात.

पायरी ३ : वहीत नुसती पातळी लिहू नका

तारीख आणि पातळी तर हवीच. त्याशिवाय आठवड्यात मोटार अंदाजे किती तास चालली, पाऊस किती मिलिमीटर झाला, आणि आजूबाजूला काय घडलं. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि नंतर अडतं ते त्याच्यापायीच. कालव्याला आवर्तन कधी सुटलं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घातले, ओढा वाहायचा कधी थांबला, वरच्या अंगाला कुणी नवा बोअर मारला, शेजाऱ्याने ऊस तोडला, पाझर तलाव कोरडा पडला, हे सगळं त्यात यायला हवं. डिसेंबरात पाऊस नसताना पातळी फूटभर वर आली तर त्याचं उत्तर याच रकान्यात सापडतं. बहुतेक वेळा ते आवर्तन असतं किंवा शेजाऱ्याची जळालेली मोटार.

पावसासाठी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मिळतो, पण ते मापक आठ-दहा किलोमीटर लांब असू शकतं आणि वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळून दुसऱ्यात चकवा देतो. स्वतःचं साधं पर्जन्यमापक लावा. सरळ भिंतीचं भांडं उघड्यावर ठेवून पट्टीने मोजलं तरी चालेल.

पायरी ४ : आलेख उलटा काढा

आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर खोली, पण शून्य वर आणि तळ खाली. जमीन वर, विहिरीचा तळ खाली, जसं प्रत्यक्षात आहे तसं. मोटारीच्या फुटबॉलच्या खोलीवर लाल रेघ ओढा. आठवड्याला एक ठिपका टाकत जा. सात-आठ ठिपके झाले की रेषेचं वळण दिसायला लागतं. कॉम्प्युटरवर करायला हरकत नाही, पण घराच्या भिंतीवर टांगलेला कागद घरातली सगळी माणसं बघतात, आणि पीक कोणतं घ्यायचं हा निर्णय सगळ्यांचा असतो.

पायरी ५ : उताराचा वेग काढा, मग पुढे न्या

एक कल्पित विहीर घेऊ. खोली ५० फूट, व्यास २० फूट, फुटबॉल ४५ फुटांवर. १ नोव्हेंबरला पाणी जमिनीपासून १४ फुटांवर आहे, १ डिसेंबरला १९ फुटांवर, १ जानेवारीला २५ फुटांवर.

डिसेंबराच्या सुरुवातीला हिशेब केला तर उतार महिन्याला ५ फूट. नोव्हेंबरातल्या १४ पासून ४५ पर्यंत ३१ फूट आहेत, म्हणजे सहा महिन्यांहून थोडं जास्त. पाणी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरेल, असं उत्तर येतं आणि माणूस निर्धास्त होतो.

१ जानेवारीला पुन्हा बघा. या महिन्यात उतार ६ फूट झाला. २५ पासून ४५ पर्यंत २० फूट, भागिले ६, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. एका महिन्यात अंदाज जवळपास महिनाभर अलीकडे आला. आणि वेग वाढतोय हेही दिसतंय: ५, मग ६. तोच कल धरला तर जानेवारीत ७, फेब्रुवारीत ८, मार्चमध्ये ९. पातळी १ फेब्रुवारीला ३२, १ मार्चला ४०, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लाल रेघ.

तेव्हा १ जानेवारीचा प्रामाणिक अंदाज असा लिहायचा: "मार्चचा तिसरा आठवडा ते एप्रिलचा दुसरा आठवडा." एकच तारीख ठोकून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो आलेखवाला असो की नारळ हातात धरून पाणी शोधणारा. अलीकडची तारीख पिकासाठी धरा, पलीकडची आशेसाठी.

वेग का वाढतो? एक तर पीक मोठं होतं, ऊन वाढतं, उपसा वाढतो. दुसरं कारण खडकात आहे. मुरमात आणि कच्च्या खडकात पाणी जास्त असतं, खाली भेगा कमी कमी होत जातात. तेवढंच पाणी काढलं तरी वरच्या थरात पातळी फूटभर उतरते आणि खालच्या थरात दोन-तीन फूट. म्हणून तुमच्या विहिरीत मुरूम किती फुटांवर संपतो तिथे आलेखावर दुसरी रेघ ओढा. पाणी त्या रेघेखाली गेलं की आधीचा वेग विसरायचा आणि नवा हिशेब मांडायचा.

उलटही घडतं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात मोटार न लावताही पाणी उतरतं, कारण भूजल ओढ्यानाल्यांकडे झिरपून वाहतं. माथ्यावरच्या विहिरीत हा सुरुवातीचा उतार फार तीव्र असतो, ओढ्याकाठच्या विहिरीत सौम्य. ओढा थांबला की ही गळती कमी होते आणि उतारही मंदावतो. त्यामुळे ऑक्टोबराच्या उतारावरून घाबरू नका आणि त्यावर अंदाजही बांधू नका. बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरापासूनचे ठिपके धरले की काम भागतं. माथ्यावरच्या शेतकऱ्याने मात्र हेही समजून घ्यावं की त्याचं पाणी उपसलं नाही तरी खालच्याच्या विहिरीत जाणार आहे. गावात भांडणं याच गोष्टीवरून होतात, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं.

पायरी ६ : भरण मोजा

माझ्या मते सगळ्यात आधी इशारा देते ती भरण, म्हणजे उपसा थांबल्यावर विहीर किती वेगाने पुन्हा भरते. सकाळची पातळी बरी दिसत असते, पण भरण मंदावलेली असते. पातळी चार-सहा आठवड्यांनी तिच्यामागे येते.

महिन्यातून एकदा हे करा. निवांत पातळी मोजा. मोटार लावून पाणी ठरावीक फुटांनी खाली आणा, समजा ८ फूट. मोटार बंद. मग एक तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. २० फुटांवरचं पाणी २८ वर आणलं आणि तासाभरात ते २६.५ वर आलं, तर दीड फूट भरलं. २० फूट व्यासाच्या विहिरीत तासाला सुमारे १३,००० लिटर.

एक पथ्य पाळा: दर वेळी पाणी तेवढ्याच फुटांनी खाली आणा. विहीर जितकी जास्त उपसलेली तितके झरे जोरात येतात, त्यामुळे एकदा ४ फुटांनी आणि एकदा १२ फुटांनी उतरवून केलेल्या चाचण्यांची तुलना होत नाही. जानेवारीत तेवढेच ८ फूट उतरवल्यावर पहिल्या तासात पाऊणच फूट भरलं, तर आवक निम्मी झाली. विहिरीत आडवे बोअर असतील तर पाणी त्या बोअरच्या तोंडाखाली जाताच भरण एकदम बदलते, तेही टिपा.

याचीच रोजची आवृत्ती फार सोपी आहे. काल सकाळी पाणी जिथे होतं तिथे आज सकाळी परत आलं का? दोन इंच कमी आलं तर डोळ्यांना कळणारही नाही. पण रोजचे दोन इंच म्हणजे महिन्याला ५ फूट. वरच्या उदाहरणातली विहीर नेमकी अशीच उतरली.

पायरी ७ : अंदाज पिकाला लावा

समजा नोव्हेंबरात विहीर रोज ६०,००० लिटर देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. गव्हाला साधारण वीस दिवसांनी पाळी द्यायची. वीस दिवसांचे १२ लाख लिटर, एकराला दोन लाख, म्हणजे ६ एकर गहू बसतो. हिशेबात काही चूक नाही, आणि तरीही यात माणूस फसतो. पेरणी होते नोव्हेंबरच्या भरणीवर, पण शेवटच्या पाळ्या द्यायच्या असतात फेब्रुवारीच्या भरणीवर. तोपर्यंत आवक निम्मी झाली तर तीच विहीर ३ एकरच भिजवते. उरलेले तीन एकर कुणी भिजवायचे?

म्हणून पेरणीचं क्षेत्र नोव्हेंबरच्या आवकेवर कधीही ठरवू नका. गेल्या वर्षीची वही असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आवक किती घटली ते प्रमाण यंदाच्या नोव्हेंबरला लावा. वही नसेल तर पहिल्या वर्षी निम्मं धरून चाला. थोडं रान मोकळं राहील, पण उभं पीक जळणार नाही.

पिकांची तहानही सारखी नसते. हरभऱ्याचं दोन पाळ्यांवर भागतं, रब्बी ज्वारीला भारी जमिनीत एखाद-दुसरी मिळाली तरी ती उभी राहते, गव्हाला पाच-सहा, उन्हाळी कांद्याला आठ-दहा दिवसांनी सतत. आलेखाची लाल रेघ मार्चच्या मध्यावर येताना दिसत असेल तर जानेवारीत लावलेला कांदा हा जुगार आहे. त्यापेक्षा दोन एकर हरभरा वाढवावा. ठिबक-तुषारने पाळीमागचं पाणी कमी होतं, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी एक एकर ओलिताखाली आणला तर विहिरीच्या दृष्टीने काहीच वाचलेलं नसतं, आणि हे सर्रास होतं.

दुष्काळी पट्ट्यातल्या हिवरे बाजारने हाच हिशेब गावपातळीवर नेला. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पावसाचा आणि विहिरींच्या पातळ्यांचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. एकट्याच्या वहीला मर्यादा आहे, कारण खडकाखालचं पाणी सातबारा बघून थांबत नाही. पाच-सहा शेजाऱ्यांनी एकाच दिवशी मोजलं तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं चाललंय ते दिसतं.

यंदाचं वर्ष कुठल्या वर्षासारखं?

एका वर्षाच्या नोंदीवरून पुढच्या दोन-तीन महिन्यांचं सांगता येतं. वर्ष चांगलं की वाईट हे ठरवायला मात्र मागची वर्षं लागतात, आणि ती नवख्याकडे नसतात. ती उसनी घ्या. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते, आणि तिच्या हजारो निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत. पावसाळ्यानंतर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये त्या मोजल्या जातात. यंत्रणा चालू वर्षाची पातळी आधीच्या पाच वर्षांच्या त्याच महिन्याच्या सरासरीशी ताडते, आणि पातळी एक मीटरपर्यंत खाली गेली की दोन, तीन की त्याहून जास्त यावरून कुठल्या तालुक्यात टंचाई कधी येईल ते मांडते. बातम्यांत "अमुक तालुक्यांत भूजल तीन मीटरने घटलं" असं वाचता तेव्हा ती घट या सरासरीच्या तुलनेतली असते. ऑक्टोबर ते मे अशी हंगामी घट त्यात मिसळलेली नसते.

जिल्ह्याच्या ठिकाणी या यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांचं कार्यालय असतं. तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कोणती ते तिथे विचारा आणि तिच्या नोंदी मागा. शिवाय २०२२ पासून केंद्राच्या 'जलदूत' अ‍ॅपवर गावातल्या दोन-तीन विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवली जाते. ग्रामरोजगार सेवकाला ठाऊक असतं कोणत्या. या विहिरी तुमच्या शेतात नाहीत, पण त्यांचा चढ-उतार तुमच्याशी जुळतो का ते एक वर्ष ताडून बघा. जुळत असेल तर त्यांचा इतिहास तुमच्याही कामाचा.

तुलना नेहमी त्याच महिन्याशी करा. यंदाचा जानेवारी गेल्या जानेवारीशी. आणि फक्त गेल्या वर्षाशी तुलना करून समाधान मानू नका. गेलं वर्षच दुष्काळी असेल तर यंदाचं कसंही वर्ष भरघोस वाटेल.

फसवणाऱ्या काही गोष्टी

एप्रिलमध्ये रेघ सपाट होते तेव्हा लोक म्हणतात, पाणी टिकलं. बहुतेक वेळा पीक निघालेलं असतं आणि उपसा थांबलेला असतो. मोटारीच्या तासांचा रकाना बघा, उलगडा होईल.

बोअरची आणि विहिरीची पातळी एका आलेखावर काढू नका. दोनशे-तीनशे फुटांवरचा बोअर बऱ्याचदा वेगळ्याच थरातलं पाणी ओढतो, मध्ये घट्ट पाषाण किंवा गेरूचा थर असतो. मात्र जवळच नवा बोअर झाल्यापासून तुमची भरण मंदावली असेल तर दोन्ही थर कुठेतरी जोडलेले आहेत. सांगोवांगीवर जाण्यापेक्षा तो बोअर बंद असलेल्या आणि चालू असलेल्या दिवशी भरणीची चाचणी घ्या, म्हणजे बांधावरचं बोलणं आकड्यांवर येईल.

बंधाऱ्यात पाणी अडवल्यावर काठच्या विहिरी चढतात आणि त्यांचा उतारही मंद असतो. पण तो वेग बंधाऱ्यात पाणी असेपर्यंतचाच. बंधारा कोरडा पडला की पंधरवड्यात रेघ कलते. तेव्हा अशा विहिरीवाल्याने बंधाऱ्याचीही पातळी मोजावी.

पावसाळ्यात काय मोजायचं

मृगाचे चार पाऊस झाले की लोक विहिरीत डोकावतात आणि निराश होतात. सुरुवातीचा पाऊस तापलेली माती पिते. भारी काळ्या रानात तर भेगा मिटून माती पूर्ण ओली होईपर्यंत खाली फारसं काही पोचत नाही; मुरमाड माळावर विहीर लवकर हलते. ही ओढ प्रत्येक विहिरीची वेगळी असते, आणि ती तुमच्या वहीशिवाय कुठेच लिहिलेली नाही. म्हणून मृगापासूनच्या पावसाची बेरीज करत राहा, आणि पातळी पहिल्यांदा वर सरकली त्या दिवशी एकूण किती मिलिमीटर झाला होता ते टिपा. दोन-तीन पावसाळ्यांत आकडा पक्का होतो. पुढच्या वर्षी पुष्य संपेपर्यंत तेवढा पाऊस झाला नसेल, तर विहीर अजून चढायला सुरुवातच झालेली नाही हे तुम्हाला आकड्यानेच कळेल.

दुसरी नोंद सप्टेंबर-ऑक्टोबरातली. उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने रब्बीचं नशीब ठरतं, कारण तोवर माती भरलेली असते आणि पडलेला पाऊस सरळ खाली उतरतो. या काळात आठवड्यातून दोनदा मोजा. वर्षातली सगळ्यात वरची पातळी आणि तिची तारीख हाती लागायला हवी. ती पंधरा-वीस दिवस लवकर आली, म्हणजे हस्त कोरडा गेला, तर त्या वर्षीचा उतारही तेवढाच आधी सुरू होतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाताना वही आणि आलेख बरोबर न्या, सप्टेंबरअखेरचा ठिपका टाकून.